शय्यादानातला शब्दकोश

तेरवीचे पाहुणे परतले, मुलगी सासरी गेली, मांडव उतरला, आणि संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या फळीवर हात घातला तर हाताला भिंत लागली. डाळीचे डबे जागेवर होते, मिठाची बरणी जागेवर होती. त्यांच्या मध्ये माझ्या बायकोचा इंग्रजी शब्दकोश असायचा, तो नव्हता.

मोठी बहीण अंगणात भाड्याची भांडी वेगळी करत बसली होती.

"बाई, फळीवरचं पुस्तक कुठं हाये?"

"गेलं ना महाराजासंगं."

"कोणतं गेलं?"

"तेच जाडं. खाटेवर ठेवलं होतं म्या, उशीखाली. तिचा जीव होता ना त्याच्यात. जीव अडकते, भाऊ. असं घरात ठेवू नाई."

तिच्या बोलण्यात अपराधी असं काही नव्हतं. एक काम नीट पार पडल्याचं ती सांगत होती.

आमच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाच्या नावानं खाट मांडतात. नवी गादी, उशी, चादर, छत्री, चप्पल, तांब्या, लुगडं किंवा धोतर, आणि त्या माणसाला जे आवडायचं तेही. कोणी विडीचं बंडल ठेवतो, कोणी रेडिओ. क्रिया करणारे महाराज त्या खाटेवर बसतात, घरधनी हातावरून पाणी सोडतो आणि सगळं त्यांचं होतं. पाणी मीच सोडलं होतं. उशी जरा उंच दिसली, तेही आठवतं. नवा कापूस आहे, फुगली असेल, असं मनात येऊन गेलं. म्हणजे माझ्या बायकोनं आयुष्यभर सांभाळलेली वस्तू मी स्वतःच्या हातानं, न बघता, दुसऱ्याला देऊन मोकळा झालो होतो.

दुःखात माणूस हळवा होतो म्हणतात. माझं तसं झालं नाही. मला राग येत होता. तो आधीपासूनच येत होता, फळी रिकामी दिसल्यावर त्याला बसायला जागा मिळाली इतकंच. दुपारी जेवणाआधी समाजाच्या एका मोठ्या माणसानं उभं राहून श्रद्धांजली वाहिली होती. गृहकृत्यदक्ष, सुगरण, पाहुण्यांचं मनापासून करणारी. सगळं खरं. पण ती तिथं मागे उभी असती, तर त्यातल्या एकाही वाक्यावर तिनं मान वळवून पाहिलं नसतं. तेच भाषण नाव बदलून आमच्या केशोरीतल्या कोणत्याही बाईला चाललं असतं आणि बहुधा चाललंही असेल.

तिचं माहेर नागऱ्याकडचं. गोंदियाच्या कॉलेजात तिनं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. त्या दिवसांत शेजारच्या मुलींच्या शिकवण्या घेऊन, स्टेशनकडच्या एका रद्दीच्या दुकानातून तिनं तो शब्दकोश आणला. पुठ्ठा निघालेला, पहिली काही पानं गायब. तो साधा शब्दकोश नव्हता. त्यात फक्त जुने, वापरातून गेलेले, कुठल्या तरी खेड्यापाड्यात उरलेले इंग्रजी शब्द होते आणि त्यांचे अर्थ. लग्नात आंदणाबरोबर तो आमच्या घरी आला तो पितळी गुंडात. माझ्या आईनं गुंड उपडा केला, पुस्तक धपकन खाली पडलं, आणि आई म्हणाली, "हे काय वो बाई, हे शिजते कशात?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचो. दुपारची जेवणं झाली की, आणि शाळेच्या दिवसांत सकाळी निघण्याआधी, ती एक पान वाचायची आणि मी ऐकायचो. त्या पानातला एक शब्द ती निवडायची. मग तिचा नियम असा की दिवस मावळायच्या आत तो शब्द कोणाशी तरी खराखुरा बोलला गेला पाहिजे. इंग्रजी बोलायचं नाही, आपल्याच बोलीत तो शब्द बसवायचा. बसला तर शब्द जगला, नाही तर पुढच्या वेळी पुन्हा तेच पान.

स्करीफंज म्हणजे पाहुणा गल्लीत दिसल्यापासून तो कडी वाजवेपर्यंत घरातला पसारा लपवायची जी धावपळ होते ती. "अजी, तुमचे हेडमास्तर येऊन राहिले, स्करीफंज करा!" ती आतून ओरडायची आणि मी वर्तमानपत्रं, लुंगी, औषधाच्या बाटल्या खाटेखाली सारायचो. ग्रोक म्हणजे दुसरा जेवत असताना आपल्यालाही मिळेल या आशेनं गप्पपणे त्याच्या तोंडाकडे बघत राहणं. भजी तळताना मी दारात उभा राहिलो की ती न बघता म्हणायची, "ग्रोकू नका, देऊन राहिली." अप्रिसिटी म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. फॉर्स्वंक म्हणजे कामानं पार मोडून गेलेला माणूस. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायका चिखलातून बांधावर येऊन बसल्या की ती चहाची किटली घेऊन जायची. एकदा तिनं त्यांना हा शब्द सांगितला तेव्हा एक बाई पाय चोळता चोळता म्हणाली, "आमची कंबर मराठीत दुखून राहिली, अन् हे बाई इंग्रजीत सांगते!" सगळ्या हसल्या, ती सगळ्यांत जास्त. पण पुढच्या वर्षी त्याच बाईनं बांधावर बसत म्हटलं, "चाय आन वो मास्तरीन, फॉर्सवंग झालो आमी."

ओव्हरमॉरो या शब्दावर तर ती भांडायलाच उठली होती. उद्यानंतरचा दिवस. इंग्रजीत हा शब्द होता, तो त्यांनी टाकून दिला. "एवढ्या दुनियेवर राज्य केलं," ती म्हणाली, "अन् घरचा परवा नाही सांभाळता आला यायले!"

तिचे उच्चार बरोबर होते की चूक, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असतील ती माणसं कधीच मेली.

त्या कोशात काही शब्दांच्या आधी छोट्या कट्यारीसारखी खूण होती. हा शब्द मेला, आता कोणी बोलत नाही, असा तिचा अर्थ. ती त्याला फुली म्हणायची. तिला त्या खुणेचा संताप होता. कोणी ठरवलं? विचारलं होतं का सगळ्यांना? केशोरीत येऊन पाहिलं होतं का? शब्द संध्याकाळपर्यंत बोलला गेला की ती पेन्सिलीनं त्या फुलीभोवती एक गोल काढायची.

आणि लोक विचारायचे, याचा उपयोग काय? जवळचे, शिकलेले लोक विचारायचे. एक व्याही म्हणाले, यानं कोणत्या परीक्षेत मार्क मिळतात का? एक सहकारी म्हणाला, वहिनी, आता सगळे अर्थ मोबाईलवर आहेत. ती हसून चहा ठेवायला जायची. मी तेव्हाही मनात धुमसायचो. मोबाईलला शब्द आधी सांगावा लागतो. जो शब्द आहे हेच ठाऊक नाही, तो सांगणार कसा? आणि उपयोगाचा प्रश्न तिलाच का? आमच्या गावात एक गृहस्थ आहेत, त्यांना कोणत्या शंकरपटात कोणाची बैलजोडी किती अंतरानं जिंकली हे सगळं तोंडपाठ आहे. बैल मेले, मालक मेले, तरी ते सांगतात. पानठेल्यावर माणसं त्यांच्याभोवती उभी राहून ऐकतात. त्यांना कोणी विचारत नाही, यानं नोकरी लागते का म्हणून.

शेवटच्या दिवसांत गोंदियाच्या दवाखान्यात ती फार बोलत नव्हती. पुस्तक घरी होतं. एकदा सलाईन बदलून नर्स गेली, तेव्हा ती म्हणाली, "अजी, आपलं यू अक्षर राहिलं." मी म्हटलं, घरी गेल्यावर वाचू. ती म्हणाली, "नाही झालं तर तुमी संपवा. झेडमध्ये जास्त नाहीत." ती काही मोठं मागत नव्हती. उरलेली थोडी पानं. आणि तीच मी दान करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मी नवेगाव-बांधला महाराजांच्या घरी गेलो. ओसरीत ती खाट उभी करून ठेवली होती. अंगणात चादर पसरून वड्या वाळत घातल्या होत्या आणि वाऱ्यानं चादर उडू नये म्हणून चार टोकांवर वजनं ठेवली होती. तीन टोकांवर विटा. चौथ्यावर शब्दकोश.

महाराज सज्जन माणूस आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी सांगितलं, पुस्तक चुकून आलं.

"गुरुजी, दान में चुकून क्या होता है?" ते म्हणाले. "पाणी तुमच्या हातानं सुटलं. मंत्र झाला. आता ही वस्तू तिकडे पोचली. मी परत दिली म्हणजे त्यांच्या हातातून काढून घेतली."

"ती वस्तू तुमच्या अंगणात आहे महाराज. वड्यांवर."

"दिसते इथं. पोचली तिथं."

मी म्हटलं, मग मला तुम्ही द्या. त्यांनी जीभ चावली. ब्राह्मणाकडून दान तुम्ही कसं घेणार? बाहेरून तशीच प्रत मागवा. मी म्हटलं, त्या प्रतीत तिच्या पेन्सिलीचे गोल नसतील. त्यांना माझी दया आली असावी, कारण मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक रास्ता आहे. बदल्यात त्यांची दुसरी आवडती वस्तू आणा. त्यांनी स्वतः जीवापाड ठेवलेली. ती खाटेवर ठेवू, पाणी सोडू, ही उचलून घ्या. पण खरोखर त्यांची पाहिजे. बाजारातून आणलेली नको."

मी घरी येऊन बहिणीला सांगितलं. ती महिनाभर माझ्याकडेच राहणार होती. ऐकताच पदर खोचून उठली.

"एवढंच ना? नथ दे."

"नथ आईची. आईनं तुझ्यासमोर घातली तिला."

"शिलाई मशीन?"

"पोरीचे फ्रॉक शिवायला आणली होती. तिला शिवायला कधी आवडलंच नाही."

"ते हिरवी साडी. लय नेसे ते."

"ती तूच दिली होतीस. तुला वाईट वाटू नये म्हणून नेसायची."

"अस्सं!" बहीण म्हणाली. थोडा वेळ रागानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घरभर डोळे फिरवू लागली. "पितळेचा डबा? पाटा?"

"बाई, पाटा कोणाला आवडते?"

"मले तर नाई आवडत बाप्पा."

आम्ही कपाट उघडलं. एकेक वस्तू ती हातात घ्यायची आणि मी सांगायचो ती कोणी दिली, कोणत्या कार्यात आली, कोणासाठी आणली. घर भरलेलं होतं. सासरचं, माहेरचं, मुलीचं, माझं. माळ्यावरचा पंखा सुद्धा मला उकडतं म्हणून घेतलेला. जिला सगळे इतकी मनापासून करणारी म्हणाले, तिनं स्वतःसाठी म्हणून उचललेली एकही वस्तू त्या घरात सापडत नव्हती. मला वाटलं, त्या भाषण करणाऱ्या माणसाला बोलावून आणावं आणि म्हणावं, शोधा. तुम्ही शोधा.

बहीण धानाच्या कोठीला टेकून खाली बसली.

"अन् ते पुस्तक कोनं आनलं होतं?"

"तिनं. लग्नाआधी. तिच्या शिकवणीच्या पैशानं."

"मंग तेवढी एकच चीज होती तिची," ती म्हणाली. "अन् तेच म्या उचलून दिली." मग एकदम म्हणाली, "मी मेल्यावर माह्या खाटेवर काय ठेवशीन रे भाऊ?"

"पानाचा डबा," मी म्हटलं.

"तो सासूचा हाये."

ती उठली, चप्पल पायात घातली. "गाडी काढ. चाल."

"कुठं?"

"महाराजाकडं. अन् तू बोलू नको. तुले रागच येते, बोलता नाई येत."

स्कूटरवर मागं बसून ती सगळी वाट काहीतरी पुटपुटत होती. महाराज ओसरीतच होते. बहिणीनं वाकून नमस्कार केला, जमिनीवर बसली आणि अगदी गरिबासारखा आवाज काढला.

"महाराज, एक सांगा. उष्टं दानात चालते का?"

"छे छे. उष्टं कसं चालेल?"

"कोनी अर्ध ताट जेवलं, अन् अर्ध तसंच सरकवून दिलं बामनाले, तं?"

"घोर पाप आहे बाई."

"मंग घात झाला महाराज. हे पुस्तक उष्टं हाये. ते अर्धच खाऊन गेली. इचारा माह्या भावाले, रोज एक पान खाय, अन् मागचं राहूनच गेलं. म्या अडाणीनं पायलं नाई, तसंच उशीखाली ठेवलं."

महाराजांनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायची मनाई होती, मी फक्त मान हलवली. ते शेंडीला हात लावून विचार करू लागले. मग म्हणाले, "उष्टं दिलं तर दोष लागतो. देनेवाले को."

"माह्यावर घ्या. ठेवलं म्या. भावाच्या अंगावर नको."

ते तिनं गमतीनं म्हटलं नव्हतं. माझी बहीण दोष मानते, एकादशी मानते, मांजर आडवी गेली तरी थांबते. दोष म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला होता. तरी तिनं तो मागून घेतला.

एवढ्यात आतून महाराजांच्या घरच्या बाई बाहेर आल्या. त्या सगळं ऐकत होत्या. "मैं तो कल से बोल रही हूँ," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "किताब कौन दान में लेता है? न ओढ सकते, न बिछा सकते." त्यांनी अंगणातून शब्दकोश उचलला, त्या टोकावर एक वीट ठेवली, पुस्तकावरची डाळीची भुकटी पदरानं झटकली आणि माझ्या बहिणीच्या ओटीत दिला. महाराज दुसरीकडे बघत होते. पाणी सोडलं गेलं नाही, मंत्रही झाला नाही.

परतताना पुस्तक बहिणीच्या मांडीवर होतं. वाटेत ती म्हणाली, "वर्षश्राद्ध होईपर्यंत ओसरीत ठेव. आत नको." मी म्हटलं, ते फळीवरच राहील. तिनं माझ्या पाठीत एक बोट खुपसलं, पण वाद घातला नाही.

घरी येऊन पाहिलं तर खुणेला ठेवलेलं बसचं तिकीट कुठं तरी गळून पडलं होतं. मला पान आठवत होतं. आपल्याला ज्यातलं कळत नाही त्यावर मत देत सुटणाऱ्या माणसाला एक लांबलचक शब्द होता, त्या पानावर आम्ही थांबलो होतो; तिथं शेवटचा गोल होता. मी पुढची पानं उलटली. डोळे भरले नाहीत. उलट रागच आला, कारण मला एकट्याला ते वाचायचं होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

"जोरानं वाच ना," स्वयंपाकघरातून बहीण ओरडली. "कुकर वाजून राहिला, आयकू नाई येत!"

मी पुन्हा वाचलं. "अपसिटिंग. बाळंतीण पहिल्यांदा अंथरुणातून उठून बसते आणि भेटायला आलेल्या बायकांना भेटते, तो प्रसंग."

ती हातात सांडशी घेऊन दारात आली. "त्यायच्यातही बाळंतनीले बसवत होते?"

"होते."

"अन् बाया येत भेटाले?"

"येत असतील. लिहिलं आहे तसं."

"मंग?"

"मग काही नाही. शब्द मेला. बाजूला फुली आहे."

"फुली?" ती जवळ आली, चष्मा नसताना वाकून बघू लागली. मी बोट ठेवून दाखवलं. "काऊन मारली? बाळंतनी बसाच्या थांबल्या का त्या देशात?"

"मला माहीत नाही बाई."

"त्याच्यातच पाय ना. लिहिलं असन."

मी पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. "नाही लिहिलं."

"मंग काय कामाचा हा कोश!" ती चिडून म्हणाली, आणि आत कुकर वाजत असताना पुढचं ऐकायला उंबऱ्यावर बसली.